फळझाडांवरील तांबेरा : उष्णता व ओल यांचा मेळ

तांबेरा हा बुरशीपासून होणारा रोग होय. बोर, अंजीर यांच्या पानांच्या खालच्या बाजूस तांबूस-तपकिरी फोड येतात. ते बोटाने चोळले असता गंजासारखी पूड लागते. ही पूड म्हणजे बुरशीचे असंख्य बीजाणू. पाने अकाली गळतात, झाडाचे पोषण खुंटते व फळे लहान राहतात. बोरीवरील बुरशी निराळी व अंजिरावरील निराळी. एकीचा रोग दुसऱ्या झाडास होत नाही.

आभाळ आले की तांबेरा पडतो, अशी समजूत खेड्यांतून आढळते. तीत अनुभवाचा अंश आहे. मात्र रोग आभाळातून पडत नाही. वाऱ्याने आलेला बीजाणू पानावर पाण्याचा पातळ थर काही तास टिकला तरच रुजतो. ढगाळ हवेत पाने उशिरा वाळतात, म्हणून रोगास वाव मिळतो. त्याच वेळी हवाही सौम्य हवी. बहुतेक तांबेऱ्यांस साधारणतः १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. केवळ ओल किंवा केवळ ऊब पुरेशी नाही. दोन्ही एकत्र याव्या लागतात.

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो व पाने कोरडी असतात. तेव्हा रोगाचा जोर राहत नाही. आश्विन-कार्तिकात रात्री गार होतात, पहाटे दव पडते आणि हा मेळ बसतो. पुरंदर तालुक्यातील अंजीरबागांतही पावसाळ्यात वाढणाऱ्या खट्टा बहारास उन्हाळी मीठा बहारापेक्षा तांबेऱ्याचे भय अधिक असते.

बीजाणू रुजल्यापासून फोड दिसेपर्यंत साधारण एक-दोन आठवडे जातात. आज दिसणारा फोड हा मागील पंधरवड्यातील ओलाव्याचा परिणाम असतो. म्हणून फोड दिसल्यावर धावण्यापेक्षा दवाच्या दिवसांतच सावध राहणे हिताचे.

शिक्षकांनी परिसर अभ्यासात पुढील उपक्रम घ्यावेत :

१. शाळेजवळील बोरीवरील दव रोज किती वाजता वाळते, याची नोंद मुलांकडून ठेवावी.
२. ठरावीक दहा पानांवरील फोड दर आठवड्यास मोजून दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात.
३. गळलेली रोगट पाने गोळा करून पुरावीत व दाट फांद्यांची विरळणी करावी, म्हणजे वारा खेळून पाने लवकर वाळतात, हे पालकांस सांगावे. औषध फवारणीपूर्वी कृषी विभागाचा सल्ला घेण्यास सुचवावे.

नोंदवहीतील आकडे पाहून मूल कारण व परिणाम यांचा संबंध स्वतः ओळखू लागेल, आणि तेच ज्ञान त्याच्या घरच्या बांधावरील झाडासही उपयोगी पडेल.