मांडीवर घेतलेली गिटार

जोधपूरच्या गोवर्धनलाल काबरांच्या घरात सतार मुरलेली होती. ते स्वतः इनायत खाँ यांच्याकडे शिकलेले. थोरले चिरंजीव दामोदरलाल सरोदाकडे वळले होते. धाकटे ब्रिजभूषण मात्र कलकत्त्याला गेले आणि हवाईयन गिटारच्या प्रेमात पडून परतले. वडिलांनी विरोध केला नाही, फक्त १ अट घातली: या वाद्यावर आपलं शास्त्रीय संगीतच वाजवायचं. १९३७ साली जन्मलेल्या ब्रिजभूषण काबरांनी ती अट आयुष्यभर पाळली.

अट किती अवघड होती, हे कळायला त्या काळची हवाईयन गिटार आठवावी लागते. रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांच्या धुना वाजवणारं, व्हॅन शिपलींच्या तबकड्यांमुळे घरोघर पोचलेलं ते वाद्य होतं. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातली पोलादी कांब तारांवर सरकवायची आणि उजव्या हाताने तार छेडायची. हवाई बेटांवर १८८० च्या दशकात जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने ही पद्धत रुजवली, असं मानतात. तिथेच आणखी एक कहाणी सांगतात, हिंदुस्थानात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या मुलाची. तो जहाजावरून होनोलुलूला पोचला आणि अशीच तार घासून वाजवायचा म्हणे. कहाणी खरी असो वा नसो, तारेवर गोटा फिरवणं आपल्याला नवं नव्हतं. विचित्र वीणा तशीच वाजते. दक्षिणेत तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी गोट्टुवाद्यम मैफलीत आणलं, तेही याच जातीचं.

काबरांनी हाती घेतलेली गिटार गिब्सन कंपनीची 'सुपर ४००' होती. १९३४ साली बाजारात आलेल्या या मॉडेलला ४०० डॉलर या किमतीवरूनच नाव पडलं. पोट १८ इंच रुंद, पाठ-छाती कोरून घडवलेली. जॅझच्या ताफ्यात स्वरांचे गठ्ठे वाजवण्यासाठी ती बनवलेली होती. एकेका स्वराला कुरवाळत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

बदल त्यांनी थोडेच केले, पण नेमके. मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात ती उंच केली. तारा पडद्यांपासून वर उचलल्या गेल्या आणि पडदे निरुपयोगी झाले. आता स्वर कुठे आहे हे सांगणारं लाकडावर काही उरलं नाही. तो कानाने शोधायचा. शिवाय षड्जाचा आधार देणारी तार जोडली. सरोदिये अली अकबर खाँ यांच्याकडून मिळालेली सरोदाची तालीम या वाद्यावर उतरवायला एवढं पुरेसं होतं. सरोदाच्या पोलादी पट्टीवरही पडदे नसतातच.

तरी सगळं सोपं झालं नव्हतं. पोलादी कांबेखाली मींड आयती मिळते. आलापात तर गिटार गळ्यासारखी गाते. पण द्रुत तानेत तीच कांब आडवी येते. २ स्वरांच्या मधली जागाही नको असताना ऐकू येते, आणि कांबेमागे तार दाबून तो आवाज गिळावा लागतो. लांबणारा नाद ही या वाद्याची दौलतही आहे आणि फासही. काबरांचं मोठेपण मला इथे दिसतं: त्यांनी वाद्याला सतारीची नक्कल करायला लावलं नाही. जे त्याला जमतं, ती लांब, न तुटणारी स्वराची रेघ, तिच्यावर त्यांनी रागाची मांडणी उभी केली.

वाद्य संगीताला बेतून घ्यावं लागतं, हे आपल्या शिरवळ-मिरज पट्ट्यातल्या वाचकाला वेगळं सांगायची गरज नसावी. पुण्याहून नीरा ओलांडून शिरवळला लागलेला रस्ता पुढे साताऱ्यावरून मिरजेकडे जातो, आणि कितीतरी गवयांचे तानपुरे या रस्त्याने जवारीसाठी मिरजेला गेले आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, घोडीवर कानस फिरवत तासन्‌तास काढलेली जवारी. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे वाद्य वाजवणाऱ्याच्या गळ्याला आणि हाताला बेतून घडतं. काबरांपुढे उलटा पेच होता: वाद्य परदेशी कारखान्यातून तयार होऊन आलेलं, त्याला आपल्या संगीतासाठी बेतायचं होतं.

१९६७ साली मुंबईत एचएमव्हीने 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका काढली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा १ दिवस, अहीर भैरवपासून पहाडीपर्यंत. निर्मिती जी. एन. जोशी यांची, 'रानारानांत गेली बाई शीळ' गाऊन मराठी भावगीताला वाट करून देणारे तेच हे जोशी. तबल्यावर माणिकराव पोपटकर. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार, तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. रेकॉर्ड जगभर गेली. पुढे संतूर आणि बासरीची नावं मराठी घराघरांत झाली. गिटार कोणाची, हे विचारल्यावर मात्र बरेच जण अडखळतात. हा अन्याय आहे, आणि तो आपण श्रोत्यांनीच केला आहे.

पुढच्या पिढीने वाद्य आणखी बदललं. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी मोहन वीणा घडवली: ३ मुख्य तारा, ५ चिकारी-आधाराच्या, १२ तरफांच्या, एकूण २०. गिटारवादक राय कूडरबरोबरच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला १९९४ साली ग्रॅमी मिळालं आणि अशा गिटारवर भारतीय संगीत शोभतं हे जगभर पोचलं. काबरांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी चतुरंगी ही गिटार बनवली. तरफांमुळे नाद भरघोस होतो, हे खरं. पण काबरांच्या जुन्या मुद्रणांतला मोकळा, उघडा स्वर मला अजून जास्त जवळचा वाटतो. त्यात लपायला जागा नाही. एप्रिल २०१८ मध्ये अहमदाबादला काबरांचं निधन झालं.

शिरवळपासून मिरजेपर्यंत कितीतरी घरांत, मुलाने हौसेने घेतलेली आणि नंतर कपाटावर चढलेली १ गिटार असते. तिच्या तारा पोलादी असतील, तर ती खाली काढा. मिरजेच्या एखाद्या कारागिराकडून टोकाची पट्टी उंच करून घ्या, तारा सा-प-सा अशा लावा, गुळगुळीत पोलादी कांब मिळवा आणि गिटार मांडीवर ठेवून गावातल्या सतारीच्या किंवा गाण्याच्या गुरुजींकडे घेऊन जा. त्यांनी नाही म्हटलं, तर त्यांना काबरांचा आलाप ऐकवा.