चांद्रयानाखालची आग आणि वसंत गोवारीकर

14 जुलै 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-3 झेपावले, तेव्हा एलव्हीएम-3 या अग्निबाणाचा मधला, द्रवरूप इंधनाचा टप्पा पेटलेलाच नव्हता. सुमारे 640 टनांचा तो डोलारा पहिली जवळजवळ पावणेदोन मिनिटे दोन्ही बाजूंच्या एस-200 या घन इंधनाच्या बूस्टरांनीच उचलून धरला होता. यातील प्रत्येक बूस्टरमध्ये दोनशे टनांहून अधिक प्रणोदक, म्हणजे इंधन आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य यांचे मिश्रण, भरलेले असते. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, अमोनियम परक्लोरेट आणि त्यांना बांधून ठेवणारे रबरासारखे बहुवारिक यांचा हा दाट लगदा, वडीचे मिश्रण ताटात ओतावे तसा, पोलादी कवचात ओततात आणि मधोमध साचा ठेवून पोकळी राखतात. ज्वलन या पोकळीच्या पृष्ठभागावर होत असल्यामुळे कोणत्या क्षणी किती रेटा मिळेल हे तिच्या आकारावर ठरते; परंतु एकदा पेटलेले हे इंधन विझवता येत नाही, आणि आत भेग राहिली तर जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढून कवच फुटू शकते.

या कवचांचे 3.2 मीटर व्यासाचे भाग पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडले आहेत. त्यातील कसब दापोडी ते चाकण पट्ट्यातील वेल्डरला चटकन उमजेल: अत्यल्प कार्बन आणि सुमारे 18 टक्के निकेल असलेल्या, या कवचांच्या मॅरेजिंग पोलादाला पूर्ण बळ येते ते जवळपास 480 अंश सेल्सिअसला काही तास ठेवल्यावर, त्यामुळे वेल्डिंगचा जोडही मूळ धातूइतकाच त्या तापातून खरा उतरावा लागतो.

भारतात या घन प्रणोदकाचा पाया घालणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर (1933–2015) अग्रभागी होते, आणि महाराष्ट्राने त्यांच्या या कार्याची पुरेशी ओळख ठेवलेली नाही. मॉन्सूनच्या अंदाजाचे 16 घटकांचे प्रतिमान आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद यांमुळेच त्यांचे नाव अधिक घेतले जाते. बर्मिंगहॅममध्ये डॉक्टरेट मिळवून ब्रिटनमध्ये संशोधन करणारे गोवारीकर विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून 1967 मध्ये केरळमधील थुंबा येथील अग्निबाण केंद्रात आले आणि रसायनांपासून ओतकामापर्यंतची विद्या देशातच उभी करण्याच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. 18 जुलै 1980 रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोचवणाऱ्या एसएलव्ही-3 या अग्निबाणाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. त्या प्रकल्पाचे प्रमुख डॉ. अब्दुल कलाम यांचे नाव घरोघरी पोचले, ते योग्यच झाले; परंतु त्या वेळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक गोवारीकर होते, आणि त्याआधीचे ऑगस्ट 1979 मधील उड्डाण फसले ते दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील गळतीमुळे, इंधनामुळे नव्हे.