आजींच्या ओव्या कोणत्या फाइलमध्ये जपायच्या?



श्रावण लागला की गटागटांतून आमच्याकडे गाण्यांची रेकॉर्डिंग येऊ लागतात. फुगडीची गाणी, भजनं, जात्यावरच्या ओव्या. गळे खणखणीत, पण बहुतेक सगळ्या व्हॉइस नोट! रेडिओवर लावल्या की झांज फाटल्यासारखी वाजते. जात्याची घरघर तर पुष्कळदा गायबच असते, कारण बोलण्यासाठी केलेली ही सोय तिला गोंगाट समजून दाबते. म्हणून आज फाइलच्या प्रकारांबद्दल बोलू.

आवाजाची फाइल दोन रीतींनी लहान होते. पहिली रीत पीठ चाळण्याची. एमपीथ्री आणि व्हॉइस नोट त्यातल्या. कानाला फारसा कळणार नाही असा आवाज त्या काढून टाकतात. फेकलेला कोंडा पिठात परत येत नाही, तसंच इथे. एमपीथ्रीची पुढे वॅव्ह केली तरी फाइल नुसती फुगते. आणि एमपीथ्री कापून-जोडून पुन्हा एमपीथ्री केली, की दर वेळी आणखी थोडं जातं.

दुसरी रीत गोधडीची. घट्ट घडी घालून आवळली की कमी जागेत मावते, उलगडली की टाका न टाका जागेवर. ती फ्लॅक. 2001 साली आली, आजही फुकट आहे. वॅव्ह म्हणजे पसरलेली गोधडी: काही गेलेलं नाही, पण जागा खाते.

किती खाते? सीडीच्या दर्जाची, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटची एक तासाची स्टिरिओ वॅव्ह सुमारे 635 एमबी होते. फ्लॅक केली की साधारण निम्मी, कधी थोडी जास्त. 128 केबीपीएसची एमपीथ्री 58 एमबीच्या आसपास. फरक मोठा आहे खरा, पण 32 जीबीच्या कार्डात तशा वॅव्हचे सुमारे 50 तास बसतात. आपल्या एका गावच्या ओव्यांना पुरे!

नुसतं ऐकायला चांगली एमपीथ्री वाईट नसते, भांडण तिच्याशी नाही. प्रश्न जपण्याचा आहे. गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, आता ओव्या येतात त्या आजींनाच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या काही गाणाऱ्या आज हयात नाहीत, पण त्यांचा आवाज 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतो. आपल्या गावची आजी दुसऱ्यांदा गाईलच असं धरून चालू नका.

तेव्हा रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट 'वॅव्ह' करा. नसेल तर वॅव्ह देणारं दुसरं फुकट ॲप घ्या. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन जात्याला टेकवू नका. घडी केलेल्या चादरीवर, हातभर अंतरावर ठेवा. आधी एक ओवी गाऊन घ्या, वर चढलेला सूर फाटत नाही ना ते ऐका. नंतर कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीत उघडून फ्लॅक करा. सगळ्यांना पाठवायची एमपीथ्री त्या फ्लॅकवरून वेगळी काढा, मूळ फाइलला हात लावू नका. आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे फाइल आहे तशी पोचते.

एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या मैत्रिणीच्या घरी. फाइलच्या नावात आजींचं नाव, गाव, तारीख घाला. आणि रेडिओवर लावू का, हे रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आजींना विचारा, त्यांचं उत्तरही त्याच फाइलमध्ये राहू द्या.