नागसेनवन : ज्यांना वर्गाबाहेर बसवले त्यांचे विद्यानगर

छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा बीबी का मकबरा पाहतो, पाणचक्की पाहतो आणि पायांत बळ असेल तर डोंगरातली लेणीही चढून येतो. याच टापूतून जाताना रस्त्यालगत दाट झाडीचे एक मोठे आवार लागते. रिक्षावाला तिथे सहसा थांबत नाही. हे नागसेनवन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० नंतर इथे महाविद्यालय, वसतिगृह, शाळा असे एकेक करत एक विद्यानगरच वसवले. शेकडो वर्षे अक्षरापासून दूर ठेवलेल्या समाजाची मुले पदवीपर्यंत पोहोचावीत, हा त्यामागचा हेतू होता. तिथल्या इमारती मकबऱ्याइतक्या देखण्या नाहीत. मात्र एखादी जागा ऐतिहासिक का ठरते, हे समजून घ्यायचे असेल तर शहरात याहून चांगले ठिकाण नाही.

अमेरिकेतली भावंडे

नागसेनवनाची भावंडे शोधायची तर अमेरिकेत जावे लागते. गुलामगिरी संपल्यावर तिथल्या कृष्णवर्णीयांना बहुतेक विद्यापीठांची दारे बंदच होती. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी महाविद्यालये निघाली. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने, १९६४ पूर्वी या हेतूने स्थापन झालेल्या संस्थांना खास दर्जा दिला. आज अशा सुमारे शंभर संस्था आहेत आणि त्यांच्या आवारातल्या वास्तू त्या समाजाची तीर्थस्थळे झाल्या आहेत.

नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातले ज्युबिली हॉल घ्या. संस्था कर्जात बुडाली होती. तेव्हा १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांचे एक गायकपथक दौऱ्यावर निघाले. त्यांतले बरेच जण स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले. त्यांनी आपल्या आईबापांची भजने अमेरिकेत आणि युरोपात गाऊन दाखवली आणि त्या बिदागीतून ही भव्य इमारत उभी राहिली. १८७६ च्या पहिल्या दिवशी तिचे लोकार्पण झाले. अलाबामातल्या टस्कीगीची गोष्ट आणखी निराळी. १८८१ मध्ये तिथे शाळा काढणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी विटाही विद्यार्थ्यांकडूनच पाडून घ्यायचे ठरवले. लागोपाठ तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी पैसा उरला नाही, तेव्हा त्यांनी आपले घड्याळ गहाण टाकले. ती भट्टी साधली आणि पुढे तिथल्या इमारती विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातच्या विटांनी बांधल्या. त्यांतल्या अनेकींचा आराखडा रॉबर्ट टेलर यांचा. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेतून वास्तुशास्त्र शिकून बाहेर पडलेले ते पहिले कृष्णवर्णीय. हॅम्प्टन विद्यापीठात तर सर्वांत मोठे स्मारक म्हणजे एक झाड आहे. त्या ओकच्या सावलीत १८६१ मध्ये मेरी पीक यांनी गुलामीतून निसटून आलेल्यांना शिकवायला सुरुवात केली आणि १८६३ मध्ये मुक्तीचा जाहीरनामा तिथेच वाचला गेला.

महाराष्ट्राला हे जग परके नव्हते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण करून. पुढे १९१३ ते १९१६ या काळात आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. जुलै १९४६ मध्ये त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर पाठवले. ते स्वतः फिस्कचेच पदवीधर.

हबशी वजिराचे शहर

नागसेनवन ज्या शहरात आहे, त्याचा पायाच मुळी आफ्रिकेतून आलेल्या माणसाने घातला आहे. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाली. शहराला पाणी आणण्यासाठी त्याने जमिनीखालून नहर काढली. ती आजही नहर-ए-अंबरी म्हणूनच ओळखली जाते.

त्याचे हाडवैरी मोगल. त्यांचे दख्खनेतले ठाणे होते तापीकाठचे बुऱ्हाणपूर. गंमत अशी की अंबरची नहर झाली, त्याच दशकात मोगल सुभेदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात बुऱ्हाणपुरातही असेच काम चालले होते. १६१५ चे कुंडी भंडारा ते हेच. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी भुयारात अडवायचे, शंभराहून अधिक विहिरींसारख्या कुंड्या त्या भुयाराने एकमेकींना जोडायच्या आणि केवळ उताराच्या जोरावर पाणी शहरापर्यंत न्यायचे, अशी त्याची रचना. इराणी पद्धतीची ही व्यवस्था चार शतकांनंतरही वाहते आहे आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत तिची नोंद झाली. दोन शत्रूंनी आपापल्या शहराची तहान एकाच विद्येने भागवली. बुऱ्हाणपूरला ज्यांचे नाव मिळाले ते सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि खडकीचा संस्थापक मलिक अंबर, दोघांच्याही कबरी खुलताबादेत आहेत.

मलिक अंबराच्या काळात एक गुलाम राज्याचा कारभारी होऊ शकला. त्याच मुलखातल्या अस्पृश्यांना मात्र त्यानंतर तीनशे वर्षांनीही सार्वजनिक पाणवठ्याला हात लावता येत नव्हता. आंबेडकरांना १९२७ मध्ये महाडला तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तो म्हणूनच. पाण्यानंतरची लढाई विद्येची होती.

पाया

८ जुलै १९४५ रोजी आंबेडकरांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दुसऱ्या महाविद्यालयासाठी त्यांनी मराठवाडा निवडला, त्यामागे हिशेब होता. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. मराठी मुलाला पदवी घ्यायची तर बिऱ्हाड घेऊन हैदराबाद गाठावे लागे, आणि खेड्यातल्या महार-मांगाच्या पोराला तर तेही शक्य नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि वाट मोकळी झाली.

हैदराबाद सरकारकडून जमीन आणि कर्ज मिळाले. जून १९५० मध्ये तात्पुरत्या जागेत वर्ग भरू लागले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मुख्य इमारतीची कोनशिला बसली. त्या वेळी आंबेडकर देशाचे कायदामंत्री होते. त्याच महिन्याच्या अखेरीस, हिंदू कोड बिलावरून, त्यांनी राजीनामा दिला. दिल्लीतली ही धामधूम चालू असताना ते औरंगाबादला येत, मुक्काम करत, बांधकामावर जातीने लक्ष ठेवत. ज्याला शाळेत सगळ्यांपासून वेगळे गोणपाटावर बसावे लागले होते, तो माणूस आता शाळेच्या भिंती कशा असाव्यात हे ठरवत होता.

काय पाहावे

सर्वांत आधी ज्याची कोनशिला बसली त्या मिलिंद महाविद्यालयाची मुख्य इमारत. ज्या ग्रीक राजाने भिक्षू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारले, त्या मिनँडरचे, म्हणजे पालीतल्या मिलिंदाचे, नाव महाविद्यालयाला आणि उत्तरे देणाऱ्या भिक्षूचे नाव साऱ्या परिसराला देण्यात आले. ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ या दोघांच्या संवादाचा. त्यात राजा रथात बसून येतो आणि भिक्षू त्याला विचारतो, रथ म्हणजे नेमके काय, चाक, आस की जू? वादात हरलेला राजा रागावत नाही, शिष्य होतो. ज्यांना शतकानुशतके प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्यांच्या महाविद्यालयाने मुद्दाम ही जोडी निवडली.

दुसरे ठिकाण अजिंठा वसतिगृह. या विद्यानगराचा प्राण वसतिगृहात होता, असे म्हटले तर चूक ठरणार नाही. परभणी, नांदेड, बीडकडच्या गावांतून आलेल्या मुलाला शहरात भाड्याची खोली मिळणे कठीण. जात कळली की दार बंद. तेव्हा राहण्याजेवणाची सोय नसती तर प्रवेश मिळूनही तो शिकू शकला नसता. ‘आठवणींचे पक्षी’ या आत्मकथनाचे लेखक प्र. ई. सोनकांबळे याच नागसेनवनात शिकले आणि पुढे इथेच शिकवू लागले. भाकरीच्या तुकड्यासाठी वणवण करणाऱ्या पोरक्या मुलाची त्यांनी लिहिलेली कथा वाचली की, अशा मुलासाठी वसतिगृहातले दोन वेळचे जेवण म्हणजे काय असेल, हे कळते.

तिसरे, बाबासाहेब मुक्कामाला राहत ते निवासस्थान. महालाची ऐट तिथे नाही. आवारातला बोधिवृक्षही पाहावा. हॅम्प्टनचा ओक आणि हा पिंपळ ही दोन्ही स्मारके जिवंत आहेत, दरवर्षी नवी पाने धरतात.

नंतरच्या काळात कला आणि विज्ञान ही महाविद्यालये वेगळी झाली. माध्यमिक शाळा, कायद्याचे महाविद्यालय, कला-वाणिज्य महाविद्यालय अशी भर पडत गेली. प्रवेश सर्व जातिधर्मांच्या मुलांना होता आणि शिकवणारेही सर्व जातींचे होते. अमेरिकेतल्या त्या महाविद्यालयांचेही असेच आहे. ज्यांना बाहेर ठेवले गेले, त्यांनी स्वतःचे दार कुणाला बंद केले नाही.

इथे काय घडले

प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. अस्पृश्यांच्या दुःखाचा प्राचीन काळापासूनचा प्रवास दाखवणारे हे नाटक १९५५ मध्ये महाविद्यालयात बाबासाहेबांसमोर झाले आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळी अफाट जनसमुदायापुढे. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना हे नाटक टाळता येत नाही.

साठच्या दशकात अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे मिलिंदचे प्राचार्य झाले. तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य त्यांनी वाचले होते. आपल्या लेखकांनीही असेच, स्वतःच्या जगण्यातून लिहावे, हा आग्रह त्यांनी विद्यार्थ्यांपुढे आणि सहकाऱ्यांपुढे धरला. याच वातावरणात प्रा. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ नियतकालिक निघाले आणि पुढची कित्येक दशके नव्या दलित लेखकांना तेच पहिले व्यासपीठ मिळाले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेपासून निघालेला धागा असा नागसेनवनातल्या वर्गांतून पुढे गेला.

शेजारची कमान, मागची लेणी

नागसेनवनाला लागूनच विद्यापीठ आहे. १९५८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा ते मराठवाडा विद्यापीठ होते. त्याला आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. सोळा वर्षांच्या आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. त्या लढ्यात नागसेनवनातली मुले आघाडीवर होती. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी हजारो लोक अभिवादनाला जमतात. एका नावासाठी इतकी किंमत मोजल्याचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसेल.

विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेल्या उपासकांच्या जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती आहेत. सातव्यात संकटात सापडलेल्यांचे रक्षण करणारा अवलोकितेश्वर कोरला आहे. नागसेनवनाची जागा या डोंगराच्या पायथ्याशी असणे हा भूगोलाचा योगायोग असेल. पण इथल्या विद्यार्थ्यांना आपला धम्म कुठल्या मातीतला आहे, हे सांगायला वेगळे पुस्तक लागत नव्हते.

टस्कीगीला १९७४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आज तिथे वाटाडे इमारती दाखवतात, वॉशिंग्टन यांचे घर उघडून दाखवतात, विटांची गोष्ट सांगतात. नागसेनवनाची गोष्टही तेवढीच सांगण्याजोगी आहे. ज्या शहरात अंबरची नहर, औरंगजेबाच्या बेगमेचा मकबरा आणि बौद्ध लेणी एका दिवसात पाहून होतात, तिथल्या पर्यटकाच्या यादीत चौथे नाव मिलिंद महाविद्यालयाचे असायला हवे. बाकीची तिन्ही स्थळे राज्यकर्ते, श्रीमंत किंवा भिक्षुसंघ काय उभारू शकत होते ते दाखवतात. हे चौथे, ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांनी स्वतंत्र भारतात पहिल्या दोन-तीन वर्षांतच काय उभारायला घेतले, ते दाखवते.