तेरा रोधकांची शिडी : आकड्यांतून आवाज

मोबाइलवर आपण गाणे ऐकतो तेव्हा त्या यंत्राच्या स्मृतीत सूर नसतात, नुसते आकडे असतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या ध्वनीसाठी प्रत्येक बाजूचे ४४,१०० आकडे नोंदलेले असतात. कर्ण्याचा पडदा मात्र आकडे ओळखत नाही. त्याला कमी-जास्त होणारा विद्युत्दाब लागतो. आकड्याचे दाबात रूपांतर करणाऱ्या मंडलाला डिजिटल-ॲनॅलॉग परिवर्तक म्हणतात. असा परिवर्तक तुम्हांला घरी करता येईल. त्यासाठी लागणारे सुटे भाग साधे आहेत. मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी एखादा भाग मिळाला नाही, तर अकोल्याला किंवा वाशीमला जाणाऱ्याकडून मागवून घ्यावा.

ही गरज काही आजची नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याला उत्तरे आलेखाच्या रूपात दाखवणारी ऋणकिरण नळी जोडली होती. नळीतील किरण पडद्यावर योग्य जागी वळवायचा, तर संगणकातल्या आकड्याचे दाबात रूपांतर करावेच लागते.

आता आपले मंडल पाहू. यंत्रातील आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या चिन्हांनी लिहितात. चार चिन्हांच्या आकड्यात डावीकडून स्थानांच्या किमती ८, ४, २ आणि १ असतात. म्हणून १०१० म्हणजे ८ + २ = १०. आपल्या मंडलाने पहिल्या स्थानासाठी जेवढा दाब द्यायचा, त्याच्या निम्मा दुसऱ्यासाठी, त्याच्या निम्मा तिसऱ्यासाठी द्यायला हवा.

साहित्य : १० किलोओहमचे १३ रोधक (दुकानात ‘रेझिस्टन्स’ म्हणून मागा), चार टू-वे टॉगल स्विच, दीड व्होल्टचे चार घट, तार आणि मल्टिमीटर.

एका पट्टीवर क, ख, ग, घ असे चार बिंदू ओळीने घ्या. शेजारच्या दोन बिंदूंमध्ये एकेक रोधक जोडा. यात तीन रोधक लागतील. उरलेल्या दहांच्या पाच जोड्या एकसरीत जोडा. प्रत्येक जोडी २० किलोओहमची झाली. प्रत्येक बिंदूपासून एक जोडी खाली आणून एकेका स्विचच्या मधल्या टोकाला जोडा. पाचवी जोडी क बिंदूपासून थेट बॅटरीच्या ऋण तारेला जोडा. प्रत्येक स्विचचे एक बाजूचे टोक +६ व्होल्टला आणि दुसरे ऋण तारेला जोडा. घ बिंदू हे आपले निर्गम टोक. घ चा स्विच ८ चा आणि क चा स्विच १ चा.

हे चालते कसे? क बिंदूशी २० किलोओहमच्या दोन जोड्या समांतर आहेत, म्हणजे एकूण १० किलोओहम. त्यात पुढचे १० मिळवले की ख वरून मागे पाहताना पुन्हा २० दिसतात. असेच ग आणि घ वरही होते. म्हणून फक्त घ चा स्विच वर केला, की ६ व्होल्ट दोन सारख्या रोधांत विभागले जातात आणि निर्गमावर ३ व्होल्ट मिळतात. ग चा दाब एक पायरी जास्त चालून येतो आणि वाटेत पुन्हा निम्मा होतो, म्हणून १.५ व्होल्ट. त्यापुढे ०.७५ आणि ०.३७५. आता १०१० मांडा : ३ + ०.७५ = ३.७५ व्होल्ट. काट्याच्या मीटरवर आकडा थोडा कमी दिसेल, कारण मीटर स्वतःच थोडा प्रवाह घेतो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. रोधक नेमके १० किलोओहमचे असण्यापेक्षा ते एकमेकांसारखे असणे अधिक महत्त्वाचे आहे. समजा, घ च्या जोडीचा रोध ५ टक्के जास्त आहे. सोनेरी पट्ट्याच्या रोधकात एवढा फरक चालतो. मग ३ व्होल्टच्या जागी सुमारे २.९३ व्होल्ट मिळतील. आपल्या शिडीची पायरी ०.३७५ व्होल्टची आहे, त्यामुळे ही चूक पायरीच्या पाचव्या भागाएवढीच. पण आठ चिन्हांच्या शिडीत पायरी ०.०२३ व्होल्टची असते. तेथे हीच चूक तीन पायऱ्यांची होईल. आकडा १२७ वरून १२८ वर गेला, की दाब चढण्याऐवजी उतरेल आणि ध्वनी खरखरीत होईल. कॉम्पॅक्ट डिस्कच्या सोळा चिन्हांत ६५,५३६ पायऱ्या असतात. तेथे तर चूक सुमारे ८०० पायऱ्यांची! म्हणून एक टक्क्याचे रोधक घ्या, किंवा बरेच रोधक मीटरने मोजून सारखे निवडा.

हाताने स्विच फिरवून सूर निघणार नाही. त्यासाठी स्विच काढून तेथे आर्डुइनो उनोसारख्या छोट्या मंडल-फलकाची चार निर्गम टोके जोडा आणि शिडीची ऋण तार फलकाच्या ऋण टोकाला जोडा. फलकाचा दाब ५ व्होल्ट आहे. त्याला ८, १०, १३, १४, १५, १४, १३, १०, ८, ५, २, १, ०, १, २, ५ हे सोळा आकडे पुन्हापुन्हा द्यायला सांगा. सेकंदाला ७,०४० आकडे गेले, की ४४० कंपनांचा स्वर मिळेल.

कर्णा घ ला थेट जोडू नका. शिडीचा स्वतःचा रोध १० किलोओहम आणि कर्ण्याचा ८ ओहम. कर्ण्याला दाबाचा सुमारे साडेबाराशेवा हिस्साच मिळेल. मध्ये ॲम्प्लिफायर हवा. घ आणि ऋण तार यांमध्ये २.२ किलोओहमचा रोधक जोडा, म्हणजे दाब एका व्होल्टच्या आत येईल. त्याला समांतर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडा. तो पायऱ्यांच्या कडा गुळगुळीत करतो. मग १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून घ ची तार ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ टोकाला न्या. हा कंडेन्सर स्थिर दाब अडवतो आणि बदलता दाब पुढे सोडतो. शिडीची ऋण तारही ॲम्प्लिफायरच्या ऋण टोकाला जोडा. आवाजाची कळ आधी अगदी खाली ठेवा. ॲम्प्लिफायरची पेटी मात्र उघडू नका. आत घरातील विजेचा धोकादायक दाब असतो.

फलक जोडण्यापूर्वी स्विचच्या शिडीवर ० ते १५ या सर्व आकड्यांचे दाब मोजून आलेख काढा. बिंदू सरळ रेषेत येतात का? ८ च्या पुढचे सगळेच बिंदू सारखे खाली सरकले असतील, तर दोष कोणत्या जोडीत आहे ते तुम्हीच सांगा. आणि आठ चिन्हांची शिडी करायची तर १० किलोओहमचे किती रोधक लागतील? तुमचे उत्तर २५ आले, तर शिडीची रचना तुम्हांला नीट समजली.