पाण्याने राखलेलं रान

बोरिवली स्टेशनाला पूर्वेकडे उतरून पंधरा-वीस मिनिटं चाललं की हायवेपाशी झाडं सुरू होतात. पाटीवर 'संजय गांधी राष्ट्रीय उद्यान' असं लांबलचक नाव आहे, पण रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो उलट विचारतो, "नॅशनल पार्क ना?" सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या मध्ये पसरलंय. पूर्वी ते शहराच्या वेशीबाहेर होतं. आता शहरच त्याला वेढून बसलंय. मुंबईत एवढी जमीन इमारतींविना राहिली कशी, याचं बरंचसं उत्तर पाण्यात आहे. म्हणून घरी पाहुणे आले की मी त्यांना हे रान पाण्याच्या मागाने दाखवतो.

कान्हेरीच्या पोढ्या

फाटकापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. बहुतेक लोक तिसऱ्या लेण्यातला चैत्य बघतात, व्हरांड्यातल्या दोन भव्य बुद्धमूर्तींपाशी फोटो काढतात आणि परत फिरतात. चैत्य बघावाच. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला आहे, आत ३४ खांब आहेत आणि कार्ल्याची आठवण येते. अर्थात, कार्ल्याची नजाकत इथे नाही, हे मान्य करायला हरकत नसावी.

कान्हेरीची खरी गंमत मात्र वरच्या पायऱ्या चढल्यावर कळते. काळ्या बसाल्टात शंभरावर लेणी खोदलेली आहेत, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून पुढे जवळजवळ हजार वर्षं. त्यातली बरीचशी भिक्खूंच्या राहण्याची साधी जागा: ओसरी, खोली, निजायला दगडी बाक. आणि ओसरीच्या कडेला जमिनीत चौकोनी तोंडाची टाकी, म्हणजे पोढी. वाकून पाहिलं तर आतला पोकळ भाग तोंडापेक्षा बराच मोठा असतो. मग मान वर करून कातळाकडे बघावं. तिथे बोटभर, वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या दिसतात. पावसाचं पाणी उतारावरून वळवून थेट टाकीत आणणाऱ्या. भर पावसात या पन्हळी अजूनही वाहताना दिसतात.

शिलालेखांतही पोढीचं नाव येतं. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिली, चौलच्या एकाने दिली, असे लेख इथे आहेत. व्यापारी जिथे राहत ती बंदरं जवळ, गर्दीपासून डोंगर दूर आणि चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने भागवायची सोय. मठाला आणखी काय हवं?

पाय थकले नसतील तर नव्वदाव्या लेण्यापर्यंत जावं. तिथे पहलवी लिपीत पारशी प्रवाशांनी कोरलेले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधले. लेण्यांच्या भिंतीवर नाव कोरायची हौस हजार वर्षांची जुनी आहे म्हणायची. फरक इतकाच, की त्यांच्या नावांवर अभ्यासकांनी लेख लिहिले. आज कोरणाऱ्याला दंड होतो आणि व्हायलाच हवा.

विहार आणि तुळशी

पुढची गोष्ट इंग्रजी अमलातली. मुंबई बेटावरच्या विहिरी आणि तळी पुरेनाशी झाली, तेव्हा मिठी नदीवर बांध घालून विहार तलाव केला आणि १८६०मध्ये त्याचं पाणी नळाने शहरात गेलं. १८७९मध्ये तुळशी तलाव झाला. पिण्याचं पाणी स्वच्छ ठेवायचं तर भोवतालच्या पाणलोटात वस्ती नको, गुरं नकोत, शेती नको. शहराने ही जमीन वाचवली ती वाघ-हरणांसाठी नव्हे, आपल्या घशासाठी. झाडं त्या निमित्ताने राहिली. पुढे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा ही आयती राखलेली झाडी त्यात आली. कडेने अतिक्रमणं मात्र होतच राहिली. ती हटवायला १९९७मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

आज मुंबईचं बहुतेक पाणी लांबच्या धरणांतून येतं, या दोन तलावांचा वाटा किरकोळ आहे. पण तुळशी भरून वाहिला की दहिसर नदीला पाणी येतं, आणि विहार व पवई हे तलाव वाहू लागले की मिठी फुगते. बातम्यांतला 'तलाव भरला' हा आनंद खाली राहणाऱ्यांना जरा वेगळा ऐकू येतो. तलावांच्या काठी सर्वांना सरसकट सोडत नाहीत, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

बिबटे आणि पाडे

२०१५च्या कॅमेरा ट्रॅप पाहणीत इथे आणि लगतच्या भागात ३५ बिबटे आढळले होते. दिवसा डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्याला बिबट्या बहुधा दिसत नाही. चितळ दिसतात, माकडं तर हातातली पिशवी हिसकावून घेतात. तरी लहान मुलांना मागे रेंगाळू देऊ नये आणि अंधार पडायच्या आत बाहेर यावं.

उद्यानाच्या हद्दीत आदिवासींचे पाडे आहेत. वारली लोक बिबट्याला वाघोबा म्हणून पुजतात, वाघबारशीला त्याचा मान असतो. लेण्यांच्या पायऱ्यांपाशी बायका तिखट-मीठ लावलेली काकडी, मोसमात करवंदं आणि बोरं विकतात. ती घ्यावीत. फक्त खाऊन संपवूनच पुढे निघावं, कारण माकडं.

कधी जावं

सोमवारी उद्यान बंद. बाकी दिवशी शक्यतो फाटक उघडताच पोहोचावं. रविवारी अकरानंतर लेण्यांत सहलींचा गलका असतो. पाणी बरोबर असू द्यावं, चढावर लागतं. पाण्याच्या पन्हळी बघायच्या तर जुलै-ऑगस्ट, पण शेवाळलेल्या कातळावर चपला घालून चढू नये. मी एकदा चांगलाच आपटलोय. फेब्रुवारी-मार्चमध्ये रान उघडं पडतं आणि पळस, पांगारा, काटेसावर फुलतात.

कारवी या झुडपाचा प्रकार वेगळा. हिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती होतात, पण ती फुलते आठ वर्षांनी एकदाच. २०१६ला फुलली, २०२४ला फुलली. ती हुकली असेल त्यांनी २०३२चा पावसाळा संपतानाचे दिवस मोकळे ठेवावेत.