उसाच्या ट्रॉलीचे ब्रेक : निवड आणि निगा

गळिताचा हंगाम उभा राहिला म्हणजे टेंभुर्णीच्या चौकांतून रात्रंदिवस उसाची वर्दळ सुरू होते. पुणें-सोलापूर महामार्ग येथूनच जातो. करमाळा, कुर्डुवाडी व अकलूज यांकडील रस्तेही येथेंच मिळतात. १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणानें या भागास पाणी दिलें, पाण्यानें ऊस दिला, आणि उसानें ट्रॅक्टरामागें एक सोडून दोन दोन ट्रॉल्या जोडावयास लाविलें. इंजिन किती अश्वशक्तीचें, टायर कोणत्या जातीचे, याची चौकशी आमचे शेतकरी बंधू बारकाईनें करितात. मात्र हें सारें ओझें थांबवावयाचें कशानें, हा प्रश्न ट्रॉली विकत घेतांना फार थोडे विचारतात.

बैलगाडींत ही अडचण निराळ्या रीतीनें सुटत असे. उतार लागला कीं बैल जू मागें रेटून गाडी धरीत; ओझें जड असल्यास चाकाच्या धावेस लाकडी ठोकळा घासून वेग आवरीत. बैलास न पेलेल असें ओझें गाडीवान सहसा घालीत नसे, कारण बैल तें लगेच सांगे. ट्रॅक्टर कांहींच सांगत नाहीं. तो बारा टनांची ट्रॉली सपाटीवर निमूटपणें ओढतो, आणि उतारावर तीच ट्रॉली त्याला पाठीमागून ढकलते.

आम्ही जन्मभर महसुलाच्या कचेरींत आंकडेच मांडले, म्हणून येथेंही थोडे मांडतों. ट्रॅक्टराचें वजन अडीच टन धरा. ताशीं २० किलोमीटर वेगानें तो एकटा चालला असतां चांगल्या ब्रेकानें सुमारें ५ मीटरांत थांबतो. आतां त्यामागें १२ टनांची बिनब्रेकाची ट्रॉली जोडा. थांबविणारी शक्ति तीच, पण वजन साडेचौदा टन. अंतर होतें ३० मीटर. वेग ३० केला तर तेंच अंतर ६७ मीटर होतें, कारण तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. शंभरास तीन असा उतार असल्यास ताशीं २० वेगालाही सत्तर मीटरांच्या आसपास जावें लागतें. रस्त्याचें घर्षण हिशेबांत धरिलें तर हे आंकडे कांहींसे कमी होतील. उलट चालकास सावध होण्यास लागणारा क्षण मिळविला तर वाढतील. याच ट्रॉलीस स्वतःचे साधारण बरे ब्रेक असले तर ताशीं २० वेगाला सपाटीवर सात-आठ मीटरांत काम भागतें. उड्डाणपुलाच्या उतारावर पुढें एखादी दुचाकी अचानक थांबली असतां या तीस आणि सात मीटरांत काय अंतर आहे, हें सांगावयास नको.

केवळ अंतराचाच प्रश्न नाहीं. ट्रॅक्टर थांबूं पाहतो, ट्रॉली थांबूं इच्छीत नाहीं. मग दांडा तिरपा होऊन ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि उलटतो. शेतांत वळण्यासाठीं ट्रॅक्टरास डावा-उजवा असे दोन निराळे ब्रेक असतात. रस्त्यावर येण्यापूर्वीं ते दोन्ही पायटे खिटीनें एकत्र अडकविलेच पाहिजेत, नाहींतर एकच चाक धरलें जाऊन हाच प्रकार घडतो. ही खिटी मोडून पडलेली आम्हीं पुष्कळ ट्रॅक्टरांवर पाहिली आहे. तिची किंमत ती काय!

आतां निवड. ब्रेकांच्या मुख्य तीन जाती आहेत. पहिल्या जातींत ट्रॉली पुढें ढकलूं लागली कीं तिचा सरकता दांडा आंत जातो व त्या रेट्यानेंच ब्रेक लागतात. युरोपांत साडेतीन टनांपर्यंतच्या हलक्या ट्रेलरांस ही रीत सर्रास वापरतात, अमेरिकेंत होड्या वाहणाऱ्या ट्रेलरांसही. आमच्या उसाच्या ओझ्यास ती अपुरी होय. शिवाय मागें घेतांना खटका अडकवून ठेवावा लागतो, नाहींतर ब्रेक आपोआप धरतात. दुसरी जात तेलाच्या दाबाची. तिसरी हवेच्या दाबाची. तिला ट्रॅक्टरावर कॉंप्रेसर व टांकी लागते. जोडट्रॉलीसाठीं आम्ही हवेच्या, दोन नळ्यांच्या ब्रेकासच पसंती देतों. कारण हुकाची पिन निसटून ट्रॉली सुटली व नळी तुटली, तर या रचनेंत ब्रेक आपोआप लागतात. खर्च जास्त आहे, हें खरें. दोन ट्रॉल्या असल्यास ब्रेक दोहोंसही हवेत. मागच्या ट्रॉलीचे किंचित आधीं धरले तर सांखळी ताणलेली राहते. नुसती पुढच्या ट्रॉलीस ब्रेक बसवून समाधान मानणें हें अर्धवट काम होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येंत ट्रेलर हाही मोटार वाहनांतच धरला आहे, हें मालकानें विसरूं नये.

निगेंत आमचा खरा शत्रु पाणी व चिखल. होडीचा ट्रेलर दर खेपेस पाण्यांत उतरतो, म्हणून परदेशांत त्यास पाणी सांठविणाऱ्या ड्रमाऐवजीं पुष्कळदां उघडी तबकडी बसवितात. आमची ट्रॉली पाटाच्या पाण्यानें भिजलेल्या फडांत रुतते, आणि सुटीच्या दिवशीं धुण्यासाठीं कित्येकजण ती चाकांच्या आंसापर्यंत पाण्यांत घालतात. ड्रमांत शिरलेलें पाणी लायनर निसरडे करतें व बेअरिंगांतील वंगण बिघडवितें. भिजल्यानंतर पहिले कांहीं मीटर अगदीं सावकाश जाऊन ब्रेक हलके दाबीत ड्रम वाळवावा. आंसाचें सील गळून लायनरावर वंगण चढलें असेल तर लायनर धुऊन भागत नाहीं, तें बदलावें. रिव्हेट लायनराच्या पृष्ठभागाशीं येईपर्यंत वाट पाहूं नये, कारण मग ड्रमालाच चरे पडतात.

तेलाच्या ब्रेकाविषयीं एक सूचना. ब्रेकचें तेल व ट्रॅक्टराच्या हायड्रॉलिकचें तेल हीं भिन्न आहेत. ब्रेकच्या तेलाच्या डबींत खनिज तेल ओतलें कीं आंतील रबर फुगून निकामी होतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषितें, यास्तव दोन वर्षांनीं तें बदलावें. हवेच्या ब्रेकांत टांकीच्या तळाशीं जमणारें पाणी रोज सायंकाळीं तोटी उघडून काढून टाकावें.

कारखान्यावर ट्रॉली रिकामी होण्याची वाट पाहत असतां चालकानें प्रत्येक चाकाजवळ हाताची पाठ न्यावी, ड्रमास स्पर्श करूं नये. एक चाक इतरांहून फार तापलें असेल तर तेथील ब्रेक सुटत नाहीं. एक अगदीं थंड असेल तर तें धरीतच नाहीं. पांच मिनिटांचें हें काम आहे. तीं पांच मिनिटें चालकास मिळावींत अशी खेपांची बांधणी करणें हें मालकाकडे आहे. टनावर मोबदला ठरला म्हणजे खेपा वाढविण्याचा मोह होतोच, आणि त्यांत पहिली काट याच कामावर बसते.

हंगाम संपून ट्रॉली गोठ्याशेजारीं उभी केली म्हणजे चाकाखालीं पाचर देऊन हातब्रेक मोकळा ठेवावा, नाहींतर पावसाळ्यांत लायनर ड्रमास चिकटतात. नळ्यांचीं तोंडें झांकून ठेवावींत. त्यांत कुंभारमाशी मातीचें घर करिते. दसऱ्याच्या आधीं चारही ड्रम उघडून पाहण्यास मिस्त्री सवडीनें मिळतो. गव्हाणीची पूजा झाल्यानंतर तोच मिस्त्री आठ दिवस सांपडत नाहीं.